ठेकेदार, जॉबवर्कवाले आणि फ्रीलान्सर यांचा टीडीएस: पहिल्या बिलापासून १६ए पर्यंत

टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या आयकराची, नोटीस विवरणपत्र भरल्यावर येते, पण तिचे मूळ बहुधा पहिल्या बिलात असते. काम देताना पॅन घेतलेला नसतो, कलम ठरवलेले नसते, बिल येते तसे चुकते केले जाते आणि मार्चमध्ये लेजर उघडल्यावर कळते की त्या पार्टीला वर्षभरात सव्वा लाख दिले, कापले काहीच नाही. तोवर काम संपलेले असते आणि ठेकेदार फोन उचलत नाही. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा पैसे देण्याआधीच्या कामाला दिली आहे. चलन आणि विवरणपत्र हा त्यामानाने सरळ भाग.

येथे दिलेले दर, मर्यादा आणि तारखा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या, म्हणजे आयकर अधिनियम १९६१ च्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या बदलाबद्दल शेवटी लिहिले आहे.

कोणी कापायचा

कंपनी, भागीदारी फर्म, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ट्रस्ट, सहकारी संस्था यांना उलाढालीची अट नाही. पहिल्याच वर्षी, पाच लाखांची उलाढाल असली तरी मर्यादेच्या वरच्या बिलावर टीडीएस कापावा लागतो. एकट्या मालकीचा धंदा किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर मागच्या वर्षाची उलाढाल बघायची: धंद्यात १ कोटीच्या वर किंवा पेशात ५० लाखांच्या वर असेल तरच यंदा कापायचा. म्हणजे २०२५-२६ साठी २०२४-२५ चे आकडे. यंदा उलाढाल दोन कोटींवर गेली तरी त्याचा परिणाम पुढच्या वर्षी.

यात सगळ्यात जास्त विसरली जाणारी संस्था म्हणजे सहकारी गृहनिर्माण सोसायटी. "आम्ही धंदा करत नाही" हे कारण चालत नाही. सिक्युरिटी एजन्सी, लिफ्टची वार्षिक देखभाल, इमारतीचे रंगकाम, वॉटरप्रूफिंग, लेखापरीक्षकाची फी, स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनियर या सगळ्यांच्या बिलांवर, मर्यादा ओलांडली की, सोसायटीला टीडीएस कापावा लागतो. मोठ्या दुरुस्तीचे काम हाती घेणाऱ्या समितीने निविदा उघडण्याआधी टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढून ठेवावा.

टॅन हा दहा अक्षरी क्रमांक: आधी चार अक्षरे, मग पाच अंक, शेवटी एक अक्षर. अर्ज फॉर्म ४९बी मध्ये ऑनलाइन करता येतो. टॅनशिवाय १९४सी (ठेक्याचे काम) किंवा १९४जे (पेशाची फी) या कलमांचा भरणा होत नाही आणि मालकाचा पॅन त्या जागी चालत नाही. टॅन न घेतल्यास किंवा चुकीचा दिल्यास १०,००० रुपये दंड लागू शकतो.

पॅनचे चौथे अक्षर

नवीन पार्टीचे खाते टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडण्याआधी पॅनची प्रत घ्या आणि आयकर पोर्टलवर तो तपासा. दोन गोष्टी पाहायच्या: नाव जुळते का, आणि पॅन चालू आहे का. आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला पॅन असला तर पॅन नसल्यासारखाच धरला जातो आणि २० टक्के कापावे लागतात. एक टक्क्याऐवजी वीस टक्के हे ठेकेदाराला कामानंतर सांगणे फार अवघड जाते, कामाआधी सोपे असते.

आता चौथे अक्षर. 'पी' असेल तर व्यक्ती, 'एच' म्हणजे एचयूएफ, 'एफ' म्हणजे फर्म किंवा एलएलपी, 'सी' म्हणजे कंपनी. १९४सी खाली व्यक्ती आणि एचयूएफला १ टक्का, बाकी सर्वांना २ टक्के. बिलावर "अमुक एंटरप्रायझेस" किंवा "अमुक अँड सन्स" असे भारदस्त नाव असले तरी मालक एकटा असेल तर पॅन 'पी' चा असतो आणि दर १ टक्का राहतो. याउलट एकाच माणसाशी सगळा व्यवहार होतो म्हणून १ टक्का कापला आणि पॅन निघाला 'एफ' चा, तर विभागाची संगणक यंत्रणा ते अक्षर वाचूनच कमी कपातीची मागणी काढते. नाव वाचून दर ठरवू नका, अक्षर वाचून ठरवा.

कोणते कलम

अंगमेहनत, यंत्र, माणसे, गाडी लावून "काम करून देणे" असेल तर १९४सी. बांधकाम, रंगकाम, जाहिरातीचे काम, केटरिंग, सुरक्षा रक्षक पुरवणे, कुरिअर, चालकासह भाड्याची गाडी, मालवाहतूक, इलेक्ट्रिशियनचे काम, नेहमीची देखभाल-दुरुस्ती हे सगळे यात येते.

जॉबवर्कही यातच. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्याने स्वतःचे स्टील पाठवून शेजारच्या वर्कशॉपमधून टर्निंग-मिलिंग करून घेतले, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने सूत देऊन यंत्रमागावर मीटरप्रमाणे मजुरीने कापड विणून घेतले, तर त्या मजुरीवर १९४सी लागते. पण यंत्रमागवाल्याने स्वतः बाजारातून सूत घेऊन कापड तुम्हाला विकले तर ती खरेदी झाली, तेथे १९४सी नाही. माल कोणी दिला या एका प्रश्नावर हे ठरते, म्हणून डिलिव्हरी चलन बिलाला जोडून ठेवा.

शिक्षण आणि पेशाचे ज्ञान विकले जात असेल तर १९४जे: वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए, कंपनी सेक्रेटरी, इंटिरियर डेकोरेटर, तांत्रिक सल्लागार. दर १० टक्के. माहिती तंत्रज्ञान हाही अधिसूचित पेशा आहे, त्यामुळे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सॉफ्टवेअर डेव्हलपरला १० टक्के धरणे सुरक्षित. पेशांच्या यादीत न बसणाऱ्या निव्वळ तांत्रिक सेवेला त्याच कलमात २ टक्के आहे. येथे खरा गोंधळ होतो. एसीची ठरलेली वार्षिक देखभाल १९४सी मध्ये जाते, पण यंत्रात वारंवार येणारा बिघाड का होतो याचा अभ्यास करून अहवाल देणारा तज्ज्ञ १९४जे मध्ये जातो. कामाची ऑर्डर वाचा, बिलावरचा "सर्व्हिस चार्जेस" हा शब्द काहीच सांगत नाही.

शंका असली की सरसकट १० टक्के कापण्याची अनेक कार्यालयांना सवय आहे. आम्हाला ती पसंत नाही. तुमची जोखीम संपते हे खरे, पण ज्याचा नफाच आठ-दहा टक्के आहे अशा लहान ठेकेदाराचे सगळे खेळते भांडवल परतावा येईपर्यंत अडकते. आधी कलम नीट ठरवा. खरोखरच दोन मते असतील तेव्हाच जास्त दराकडे झुका.

दलालीला १९४एच: दर २ टक्के, वर्षाची मर्यादा २०,००० रुपये. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ वर आला. टॅलीतल्या जुन्या मास्टरमध्ये (दरांच्या नोंदीत) अजून ५ असेल तर बदलून घ्या.

आणि कलम ठरवताना एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: हा माणूस खरंच स्वतंत्र आहे का? दरमहा ठरलेली रक्कम, हजेरी, रजेचा हिशेब, तुमच्याच कार्यालयात तुमच्याच लॅपटॉपवर काम, दुसरीकडे काम करायला बंदी, आणि करारावर मात्र "कन्सल्टंट" असे असेल तर तो नोकर ठरू शकतो. मग टीडीएस १९४जे ऐवजी पगाराच्या १९२ कलमाखाली जातो आणि भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयसीचे प्रश्नही मागोमाग येतात. करारावरच्या नावापेक्षा रोजचा व्यवहार पाहिला जातो.

मर्यादा कशी मोजायची

१९४सी ला दोन मर्यादा आहेत. एकच बिल ३०,००० च्या वर गेले तर त्या बिलावर कपात. बिले लहान असली, पण वर्षाची बेरीज १,००,००० च्या वर गेली तरी कपात, आणि तीही सुरुवातीपासूनच्या सगळ्या रकमेवर. दोन्हीकडे शब्द "च्या वर" असा आहे. बरोबर ३०,००० च्या बिलावर काही नाही.

उदाहरण: रंगारी व्यक्ती आहे, दर बिल २५,०००. चार बिलांची बेरीज बरोबर १,००,०००, कपात शून्य. पाचवे बिल आले की बेरीज १,२५,०००. आता १ टक्का १,२५,००० वर, म्हणजे १,२५० रुपये, पाचव्या बिलातून कापायचे. फक्त २५,००० वर २५० कापणे किंवा लाखाच्या वरच्या रकमेवर कापणे, दोन्ही चूक. आधीच्या चार बिलांवर व्याज लागत नाही, कारण तोवर देणेच नव्हते.

१९४जे ला एकच वार्षिक मर्यादा: ५०,००० रुपये. १ एप्रिल २०२५ आधी ती ३०,००० होती. सीए दर तिमाहीला १५,००० चे बिल देत असतील तर तीन बिलांपर्यंत ४५,०००. चौथ्या बिलाला बेरीज ६०,००० होते आणि ६,००० रुपये त्या एकाच बिलातून जातात, हातात ९,००० येतात. वर्षाचा करार आधीच झालेला असेल तर पहिल्या बिलापासून कापा, दोघांनाही सोयीचे. कंपनीच्या संचालकाला पगाराव्यतिरिक्त दिलेल्या फीला मात्र कोणतीच मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून १० टक्के.

मर्यादा पॅनवर मोजा, लेजरवर नव्हे. एकाच ठेकेदाराची "साइट ए" आणि "साइट बी" अशी दोन खाती उघडली की बेरीज दोन्हीकडे लाखाच्या आत दिसते.

कोणत्या रकमेवर

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून. आर्किटेक्टचे बिल १,००,००० अधिक जीएसटी १८,००० असेल तर टीडीएस १०,०००, हातात १,०८,०००. जॉबवर्कमध्ये तुमच्याकडूनच घेतलेला माल वापरला असेल आणि त्याची किंमत बिलात वेगळी दाखवली असेल तर ती वजा होते. वेगळी दाखवली नसेल तर पूर्ण बिलावर कपात. ठेकेदाराला बिलाचा नमुना आधीच द्या, हा वाद उरत नाही.

प्रवासखर्चाचेही असेच. फी आणि खर्च एकाच बिलात एकत्र आले तर पूर्ण रकमेवर कापा. खर्चाचे बिल वेगळे, सोबत मूळ तिकिटे आणि पावत्या असतील तर निव्वळ परतफेड म्हणून ते बाजूला ठेवता येते.

ट्रकवाल्यांना सवलत आहे: वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नव्हत्या असे लेखी जाहीर करून पॅन दिला तर कपात नाही. पण ही रक्कम विवरणपत्रात 'टी' खूण लावून दाखवावीच लागते. जाहीरनामा घेऊन फायलीत ठेवला आणि विवरणपत्रात दाखवलाच नाही, अशी अर्धी सवलत घेणारे पुष्कळ आहेत.

एखाद्या ठेकेदाराने कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे कलम १९७ चे, दाखवले तर ट्रेसेसवर (आयकर विभागाच्या टीडीएसच्या संकेतस्थळावर) त्याची सत्यता, रक्कम आणि मुदत तपासा. त्यातली रक्कम संपली की पुढच्या रुपयापासून नेहमीचा दर.

कधी कापायचा, कधी भरायचा

बिल खात्यात जमा दाखवणे किंवा पैसे देणे, यातले जे आधी होईल तेव्हा. आगाऊ रक्कम दिली तर ती देतानाच. "बिल आल्यावर एकदम कापू" म्हणून ॲडव्हान्स पूर्ण सोडला तर कपातीला उशीर झाला असे धरले जाते.

भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चच्या कपातीचा ३० एप्रिलपर्यंत. आयकर पोर्टलवर टॅनने लॉगिन करून ई-पे टॅक्समध्ये टीडीएसचे चलन तयार करा. तीन ठिकाणी चूक होते. पहिली, करनिर्धारण वर्ष: २०२५-२६ च्या कपातीला २०२६-२७ निवडायचे. दुसरी, कंपनी आणि बिगर-कंपनी ठेकेदारांचा मेजर हेड (चलनावरचा कराच्या प्रकाराचा कोड) वेगळा आहे, अनुक्रमे ००२० आणि ००२१. तिसरी, नियमित भरण्याला मायनर हेड (भरण्याच्या प्रकाराचा कोड) २००, विभागाने काढलेल्या मागणीला ४००. भरल्यावर चलनावरचा सात अंकी बीएसआर कोड (बँक शाखेचा), तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक जपून ठेवा. विवरणपत्रात हे तिन्ही जुळले नाहीत तर पैसे भरूनही चलन "न जुळलेले" राहते.

उशिराचे व्याज दोन प्रकारचे. कापायलाच उशीर झाला तर महिन्याला १ टक्का. कापून भरायला उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का, तोही कापल्याच्या तारखेपासून. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. २० ऑगस्टला १०,००० कापले, ७ सप्टेंबर चुकली आणि ९ तारखेला भरले: उशीर दोन दिवसांचा, व्याज ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा दोन महिन्यांचे, ३ टक्के, ३०० रुपये. म्हणून ७ ला बँकेचा सर्व्हर अडकेल असे गृहीत धरून ५ तारखेला भरा.

२६क्यू आणि १६ए

निवासी (कराच्या दृष्टीने भारतातल्या) ठेकेदारांचे तिमाही विवरणपत्र २६क्यू. मुदती: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीची ३१ मे. प्रोटिअन कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या आरपीयूमध्ये (विवरणपत्र तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) माहिती भरा, आयकर पोर्टलवरून चलनांची सीएसआय फाइल उतरवून घ्या, दोन्ही वापरून एफव्हीयू (तपासणी झालेली) फाइल तयार करा आणि टॅनच्या लॉगिनमधून ती चढवा. भरण्यापूर्वी प्रत्येक चलनाची रक्कम आणि त्याखालच्या ठेकेदारांची बेरीज ताडून पाहा. पॅन नसलेल्याला 'सी', कमी दराच्या प्रमाणपत्राला 'ए' ही खूण विसरलात तर यंत्रणा नेहमीच्या दराने हिशेब करून मागणी पाठवते. एखाद्या तिमाहीत कपातच नसेल तर ट्रेसेसवर तसे नोंदवून टाका, नाहीतर "विवरणपत्र का नाही" असे पत्र येते.

उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, कमाल त्या विवरणपत्रातल्या टीडीएसच्या रकमेइतके. टीडीएस १,२५० असेल आणि महिनाभर उशीर झाला तर ६,००० ऐवजी १,२५० वर थांबते. याशिवाय १०,००० ते १,००,००० दंडाची वेगळी तरतूद आहे. पूर्वी वर्षभराच्या आत भरल्यास त्यातून सूट होती, १ एप्रिल २०२५ पासून ती मुदत एका महिन्यावर आली आहे.

विवरणपत्र स्वीकारले गेले की ट्रेसेसवरून १६ए, म्हणजे कपातीचे प्रमाणपत्र, उतरवून प्रत्येक ठेकेदाराला द्या: १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी, १५ जून. लेटरहेडवर टाइप करून दिलेल्या प्रमाणपत्राला किंमत नाही. ठेकेदाराचा फोन येईल तो "माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही" असा (२६एएस म्हणजे त्याच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता). कारण बहुतेक वेळा पॅनमधले एक अक्षर चुकलेले असते, किंवा रक्कम दुसऱ्याच पॅनवर गेलेली असते. ट्रेसेसवरून एकत्रित फाइल मागवून दुरुस्ती विवरणपत्र भरा. त्या माणसाच्या घामाचे पैसे तुमच्या एका अक्षरापायी अडकलेले असतात, त्यामुळे हे काम पुढच्या तिमाहीवर ढकलू नका.

कापलाच नाही तर

निवासी ठेकेदाराच्या बिलावर कपात राहिली तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो. आर्किटेक्टला ५,००,००० दिले, टीडीएस नाही: १,५०,००० चा खर्च गेला, फर्मला ३१.२ टक्क्यांनी ४६,८०० रुपये कर वाढला. शिवाय न कापलेल्या ५०,००० ची मागणी तुमच्यावर, त्यावर दरमहा ५०० व्याज. ठेकेदाराने ती रक्कम आपल्या उत्पन्नात दाखवून कर भरला असेल तर सीएकडून फॉर्म २६ए चे प्रमाणपत्र मिळवता येते. त्याने मूळ मागणी आणि खर्चाची नामंजुरी टळते, व्याज मात्र ठेकेदाराने विवरणपत्र भरल्याच्या तारखेपर्यंतचे द्यावेच लागते. कापून स्वतःकडे ठेवणे हा याहून गंभीर प्रकार आहे, त्यात खटला होऊ शकतो. ते पैसे पगार किंवा कच्च्या मालासाठी "दोन दिवस" फिरवू नका.

परदेशातल्या फ्रीलान्सरला वरचे काहीही लागू नाही. तेथे कलम १९५, विवरणपत्र २७क्यू, ३०,००० किंवा ५०,००० सारखी मर्यादा नाही, आणि जेथे कर कापायला हवा होता तेथे चूक झाली तर पूर्ण खर्च नामंजूर. पैसे पाठवण्याआधी सीएला दाखवा.

स्वतःचे घर बांधणाऱ्या व्यक्तीला १९४सी नाही. पण एका ठेकेदाराला वर्षात ५० लाखांच्या वर दिले तर १९४एम खाली २ टक्के कापून, टॅनशिवाय, स्वतःच्या पॅनवर फॉर्म २६क्यूडी ने महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरावे लागतात.

३१ मार्च आणि नवा कायदा

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो. १९४सी, १९४जे, १९४एच ही ओळखीची कलमे त्यात कलम ३९३ च्या तक्त्यांत एकत्र येतात, त्यामुळे टॅलीतले मास्टर आणि विवरणपत्राचे सॉफ्टवेअर एप्रिलची पहिली नोंद करण्याआधी अद्ययावत करा. कोणत्या बिलाला कोणता कायदा हे "बिल जमा किंवा पैसे, जे आधी होईल ते" या वरच्याच नियमाने ठरवा. लेखापरीक्षकाच्या फीची तरतूद ३१ मार्च २०२६ ला त्यांच्या खात्यात जमा केली आणि पैसे मे महिन्यात दिले, तर कपात मार्चची: जुना कायदा, ३० एप्रिलपर्यंत भरणा, ३१ मे पर्यंतच्या २६क्यू मध्ये नोंद. मार्चमध्ये दिलेल्या ॲडव्हान्सचेही तेच, बिल एप्रिलमध्ये आले तरी. बिलही एप्रिलमध्ये नोंदले आणि पैसेही त्यानंतर दिले असतील तरच नवा कायदा. ३१ मार्चची तारीख टाकून मे महिन्यात केलेल्या नोंदींना ही सोय मिळत नाही, त्यांच्या कपातीला ३० एप्रिल आधीच उलटून गेलेली असते. मार्चच्या तरतुदींची यादी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पक्की करून घ्या.